कारखान्याचा महिना

माझ्या थोरल्या मुलाने स्वयंपाकघरात मधोमध प्लायवूड ठोकून एका घराच्या दोन चुली केल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. प्लायवूड छतापर्यंत पुरलं नाही. वर हातभर फट राहिली, आणि त्या फटीतून दोन्हीकडचे वास आणि टोमणे ये-जा करत राहिले. मी कुठल्या बाजूला जेवायचं हे मला कुणी विचारलं नाही. माझी खाट बाहेरच्या खोलीत होती. तिथून दोन्ही दारं दिसत.

मला दोन मुलगे, दोन सुना. सुना एकाच शर्टांच्या कारखान्यात कामाला. थोरली तपासायच्या टेबलावर. तयार शर्ट पसरायचा, कॉलर, बाही, काजं मोजायची आणि चुकलेला माल परत फेकायचा, हे तिचं काम. बाया तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नसे. धाकटी मशीनवर कॉलर जोडायची. हात असा झरझर चालायचा की तिचं नाव भिंगरी पडलं होतं. भिंगरीच्या कॉलरी फूटपट्टीने परत फेकल्या की त्यांचं भांडण संध्याकाळी आमच्या घरी यायचं.

कारखान्यात एक रीत होती. बाई गरोदर राहिली की तिथल्या दवाखान्यातली नर्स तिला महिना विचारी, आणि सातवा सरला की मशीनवरून उठवी. उठलेल्या बाईच्या जागी दुसरी बसे. जागा जितकी जास्त दिवस सुटली, तितकी ती परत मिळायची आशा कमी. म्हणून सगळ्या बाया एक महिना कमी सांगत, आणि काही जणी वर चार दिवस पदरचे घालत. नव्या मुलीला धागा ओवायला शिकवावा तसं हेही शिकवत. त्याला त्यांनी कारखान्याचा महिना असं नाव ठेवलं होतं. "कितवा गं तुझा?" "खरा पाचवा, कारखान्याचा चौथा." आणि हसायच्या.

नर्सने लिहिलेलं कार्ड घेऊन बाया बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात जात. पोटातलं मूल पडद्यावर दाखवणारं यंत्र तेव्हा तिथे नव्हतं. डॉक्टर हाताने पोट चाचपायचा, फितीने मोजायचा आणि बाकी बाईच्या तोंडावर सोडायचा. पण कारखान्यातली बाई आहे म्हटलं की तो मनातल्या मनात महिनाभर वाढवायचा. बायांची लबाडी त्याला पाठ झाली होती, आणि बहुतेक वेळा त्याचं गणित बरोबर येई.

थोरलीच्या वेळी आलं नाही. प्लायवूड ठोकायच्या दोन वर्षं आधी तिला दिवस गेले होते. तिने नर्सला खरा महिना सांगितला. बाया म्हणाल्या, फूटपट्टी स्वतःलासुद्धा सोडत नाही. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, म्हणून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने कार्ड बघितलं, महिना वाढवला आणि म्हणाला, "दिवस भरलेत. रक्तदाब वाढलाय. कळा आणू या."

"माझा अजून महिना आहे," थोरली म्हणाली.

"सगळ्यांचा असतो," तो म्हणाला आणि हसला.

मुलगा झाला. माझ्या दोन तळहातांत मावत होता. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जायची, बरगड्यांमध्ये खळगे पडायचे. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशी झाली, आणि चौकशीतून दवाखान्यात एक नियम निघाला. बाईने पहिल्यांदा जी तारीख सांगितली तीच धरायची. मनाने वाढवायची नाही, आणि बाईने नंतर बदलून सांगितली तरी बदलायची नाही.

थोरलीने डॉक्टरला दोन शिव्या दिल्या आणि सोडून दिलं. राग धरला तो बायांवर. ती म्हणायची, डॉक्टर मूर्ख होता, पण त्याला मूर्ख कुणी केला? वर्षानुवर्षं खोटं सांगून सांगून कुणी शिकवलं त्याला की बाई बोलते त्यात महिना मिळवायचा असतो? त्या बायांत धाकटीही होती. तरी घर चालत होतं. मग धाकटीला दिवस गेले, आणि तिने नर्सला कारखान्याचा महिना सांगितला. थोरलीच्या कानावर ते टेबलापाशीच आलं. त्यानंतरच्या रविवारी थोरला प्लायवूड घेऊन आला.

आता मूळ गोष्ट. धाकटीचे दिवस भरले आणि उलटून गेले. पोट खाली उतरलं, चालताना ती भिंतीला धरू लागली, पण कळांचा पत्ता नाही. शनिवारी मी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तोच. त्याने फीत लावली, पोट दाबून पाहिलं.

"मूल अंगाने चांगलं आहे. सदतिसावा आठवडा चालू आहे. पुढच्या शनिवारी या."

"बेचाळिसावा चालू आहे," धाकटी म्हणाली.

"कार्डावर सदतिसावा."

"कार्डावरचं खोटं आहे."

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"कशावरून?" त्याने पेनाचं टोपण लावलं. "शेवटी शेवटी सगळ्यांना कंटाळा येतो. लवकर सुटावं, लवकर मशीनवर बसावं. परवाच एक येऊन गेली. तीही बेचाळीस म्हणत होती. मूल झालं तेव्हा कळलं, नव्हते."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी सासू आहे हिची. मला महिना ठाऊक आहे."

"आजी, सासवा तर रोज येतात. एकीला घाई असते, दुसरीला भीती असते. मी कुणाचं धरू?" मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघा. मूल वेळेच्या आधी आलं की धोका असतो. आठव्या महिन्यात पुष्कळ. मग एकेक आठवडा पोटात काढला की तो उतरत जातो. एकोणचाळीस-चाळीसला सगळ्यात कमी. तिथून पुढे पुन्हा चढायला लागतो. एक्केचाळीसनंतर थोडा, बेचाळीसनंतर जास्त. वार थकते, मुलाला पुरवठा कमी पडतो. पोटातच जाऊ शकतं."

"मग काढा ना," धाकटी म्हणाली.

"बेचाळीस असतील तर आज काढलं पाहिजे. सदतीसही भरले नसतील तर आज काढणं म्हणजे पाप. दोन्ही बाजूंना मरण आहे बाई, आणि मी नेमका कुठे उभा आहे ते तुम्हीच मला कळू दिलेलं नाही. मी एकदा अंदाजाने गेलोय. तुमच्याच घरात."

त्याला आम्ही कोण ते आठवत होतं, हे मला तेव्हा कळलं. मग तोच म्हणाला, "तुमची थोरली सून. ती एकटीच खरं बोलली होती. ती येऊन सांगेल तर नियम गेला खड्ड्यात, मी कळा आणतो. नाहीतर शनिवार. मधे हालचाल कमी वाटली तर लगेच या."

घरी येईपर्यंत धाकटी एकच बोलली. "त्यांच्या दारात मी जाणार नाही."

मी गेले. थोरली इस्त्री करत होती. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. तिने शर्टाची बाही उलटवली आणि दुसरी बाजू दाबायला घेतली.

"मला बोलावलंय? का? अजून एक हवंय त्याला?"

"तू फक्त खरं काय ते सांगायचं."

"माझं खरं मी एकदा सांगून झालं. कुणाला नको होतं ते."

"आता हवंय."

"आता हवंय," ती माझ्यासारखा आवाज काढून म्हणाली. "खोटं बोलायला सगळ्या एक, आणि निस्तरायला फूटपट्टी."

फटीतून धाकटीचा आवाज आला. "आई, कुणाच्या विनवण्या करू नका. मी मेले तरी चालेल."

"तू कशाला मरशील," थोरली इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली. "मरायचं काम तू दुसऱ्याला लावतेस."

मी म्हटलं, "जीभ आवर. पोटातल्याने तुझं काय वाईट केलंय?"

"काही नाही. माझ्याच्याने तरी कुणाचं काय केलं होतं?" मग तिने इस्त्री उभी ठेवली. "मी येईन. एका बोलीवर. तिने इथे माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, तुमचा मुलगा आमच्यामुळे गेला. आमच्यामुळे. डॉक्टरचं नाव मधे आणायचं नाही."

"नाही म्हणणार," फटीतून आलं. "कळांची सलाइन मी लावली होती का? मी कुणाला मारलेलं नाही."

"मग शनिवारपर्यंत बस."

असे ते दोन संसार, मधे प्लायवूड, आणि एका वाक्यासाठी दोघी अडून बसलेल्या. मला दोघींचा सारखाच राग आला होता. धाकटीला म्हटलं, म्हणून टाक, बोलल्याने अंगाला भोकं पडत नाहीत. ती म्हणाली, "आई, आज मी हे म्हटलं की उद्या जाऊबाई टेबलापाशी उभ्या राहून सगळ्यांना सांगतील. भिंगरीने कबूल केलं, हिने माझं पोर मारलं. जन्मभर ते माझ्या कपाळावर राहील." थोरलीला म्हटलं, तू मोठी आहेस. ती म्हणाली, "मोठी मी फक्त माघार घ्यायच्या वेळी असते."

रविवारी पुरुषांनी त्यात तोंड घातलं. धाकटा कारखान्यातच मशीन दुरुस्तीला होता, मुळात कमी बोलणारा. तो जिन्यात थोरल्याला आडवा गेला.

"दादा, वहिनीला समजाव."

"मी यात नाही."

"प्लायवूड ठोकायला होतास."

"तुझ्या बायकोला एक वाक्य बोलता येत नाही?"

"तुझ्या बायकोला एक पाऊल टाकता येत नाही?"

मग थोरल्याने त्याची कॉलर धरली. धाकट्याने हात झटकला तसा थोरला कठड्यावर आपटला. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी वर बघितलं आणि दार पुन्हा लागलं. मी दोघांच्या मधे उभी राहिले. लहानपणी मारामारी करायचे तेव्हा एकेक चापट पुरायची. आता ते दोघेही माझ्यापेक्षा उंच होते आणि मला बाजूला करून एक वर गेला, एक खाली.

त्या दुपारी धाकटी खाटेवर येऊन बसली आणि तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. "कालच्यापेक्षा कमी हलतंय." मी हात बराच वेळ ठेवला. आत काहीतरी सरकलं, झोपेत कूस बदलावी तसं, आणि थांबलं. मी आवाज चढवून म्हटलं, प्लायवुडापलीकडे ऐकू जावं म्हणून, "कमी हलतंय म्हणतेस?" पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

रविवारी डॉक्टर नसायचा, म्हणून सोमवारी सकाळी धाकटा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर शस्त्रक्रियेत होता. सिस्टरने पोटाला नळी लावून ठोके ऐकले. ठोके ठीक आहेत म्हणाली. धाकटीने आठवड्यांचं सांगायला सुरुवात केली तेव्हा सिस्टर म्हणाली, "बाई, मला कार्डाबाहेर काही करता येत नाही. तुमच्याच कारखान्याच्या बायांमुळे हा नियम झालाय." धाकट्याने टेबलावर हात आपटला. रखवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. धाकटी एकटीच पायऱ्या उतरून त्याच्यामागे आली.

संध्याकाळी थोरली कामावरून आली. चपला काढायच्या आत धाकटी तिच्या दारात उभी राहिली. एक हात चौकटीवर, एक कमरेवर. मी खाटेवरून बघत होते.

"तुमचा मुलगा आमच्यामुळे गेला," ती म्हणाली. "आमच्या महिन्यामुळे. झालं समाधान?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान खाली बसेल. तसलं काही झालं नाही.

"असं नाही," ती म्हणाली. "शेवटचे दोन शब्द काढून म्हण."

धाकटीने पुन्हा म्हटलं, शेवटचे दोन शब्द काढून. आवाज सपाट होता, कार्डावरचं वाचून दाखवावं तसा.

"उद्या सकाळी," थोरली म्हणाली. "पहिल्या बसने."

"आत्ता चल," मी म्हटलं.

"आत्ता डॉक्टर घरी गेला असेल. सिस्टरसमोर माझ्या शब्दाला काय किंमत आहे?" आणि तिने चपला काढल्या. ते खोटं नव्हतं. डॉक्टर संध्याकाळी नसायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने ते ज्या थंडपणे म्हटलं त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही, आणि तिनेही माझी माफी मागितली नाही.

सकाळी आम्ही तिघी निघालो. थोरली चार पावलं पुढे. बस भरलेली होती. थोरलीने एका जाड माणसाला "डोळे आहेत ना?" म्हणून उठवलं, जागा हाताने झटकली आणि मागे न बघता बाजूला झाली. धाकटी बसली. त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

डॉक्टर आला होता. थोरलीला बघून तो खुर्चीवरून उठला. ती बसली नाही.

"ही बेचाळिसाव्यात आहे. आता बेचाळीस भरत आले असतील."

"तुम्हाला नक्की ठाऊक आहे?"

"हिला दिवस गेल्याचं मला हिच्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. हिने नर्सला काय सांगितलं तेही मला कळलं. दोन्हींत एक महिना आणि चार दिवसांचा फरक आहे. हिने चार दिवस पदरचे घातलेत." ती धाकटीकडे वळलीसुद्धा नाही. "मागच्या वेळी मी न सांगता तुम्ही महिना वाढवला होतात. आज मी सांगते, वाढवा."

डॉक्टर म्हणाला, "तुमचं तेव्हा ऐकायला हवं होतं."

"ते मला नका सांगू. हिचं बघा."

त्याने सिस्टरला हाक मारली आणि धाकटीला आत घ्यायला सांगितलं. सलाइनची तयारी करा, म्हणाला. आम्ही पडद्याबाहेर बाकावर बसलो. मला वाटलं, झालं. या घरात अजून काय काय फुटायचं ते फुटू दे, पण हे एक पार पडलं.

पडद्याआड सिस्टरने नळी लावली असावी, कारण बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने धाकटीला कुशीवर व्हायला सांगितलं. मग दुसऱ्या कुशीवर. मग डॉक्टर आत गेला.

"शेवटचं कधी हललं?" त्याने विचारलं.

"पहाटे," धाकटी म्हणाली. "पहाटे हललं होतं. जोरात हललं होतं."

"आणि नंतर?"

"बस हलत होती. मला वाटलं बसमुळे कळत नाहीये."

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही, थोरलीकडे बघितलं. मान हलवली. थोरली उठली आणि पडदा बाजूला सारून आत गेली. मीही मागे गेले.

धाकटी छताकडे बघत होती. थोरली पायाशी उभी राहिली तेव्हा तिने डोळे खाली केले.

"तुम्ही दोन दिवस घालवलेत," ती म्हणाली.

"तू एक महिना घालवलास," थोरली म्हणाली.

सिस्टर म्हणाली, "बायांनो, इथे नका." दोघींपैकी कुणी आवाज चढवला नव्हता. थोरली तिथेच उभी राहिली. बाहेर ये म्हणून मी तिचा हात ओढला तेव्हा तिने तो सोडवून घेतला. संध्याकाळपर्यंत ती त्या पायाशी उभी होती, आणि धाकटीने तिला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. कारखान्यात थोरलीचा खाडा लागला.

कळा आणून मूल बाहेर काढलं. चांगलं भरलेलं मूल होतं, डोक्यावर दाट केस, नखं बोटांच्या पुढे वाढलेली. तळहातांची आणि पायांची कातडी सुकून सोलत होती. डॉक्टरने ते मला दाखवलं आणि म्हणाला, दिवस उलटून गेल्याची खूण. मी म्हटलं, आता खूण घेऊन काय करू?

धाकटीची मुलगी मंगळवारी सकाळी, आम्ही दवाखान्यात पोचायच्या आधी, आईच्या पोटात वारली. बुधवारी दुपारी ती जन्मली.